शेवट कुठं झाकायचा आणि वाघ कुठं उघडा ठेवायचा

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आला. थोडक्यात असा: "गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी नवा ॲडमिन. चारशेच्या वर माणसं आहेत. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री शेजारच्या गावात जे नाटक झालं, तेच पंधरा दिवसांनी आमच्या मंडळानं ठरवलं आहे. पण आमच्या एका काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच अख्खं कथानक, शेवटासकट, ग्रुपवर टाकलं. मंडळाचे पोट्टे चिडले. दुसरे एक जण रोज पानभर मेसेज टाकतात. त्यातच मागच्या महिन्यात अपघाताचे फोटो येऊन पडले. काय झाकायला सांगू, कसं झाकायला सांगू, आणि काकांना कसं बोलू?"

भाऊ, मी सव्वीस हंगाम झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होतो. विंगेत टॉर्च धरून वही वाचणारा माणूस. त्या माणसाला प्रत्येक वाक्य आधी माहीत असतं, खून कोण करणार तेही माहीत असतं, आणि त्याचं कामच हे की ते ज्याला हवं त्याच्याच कानात जावं, पहिल्या रांगेत जाऊ नये. आता दात गेले, आवाज फुटतो, म्हणून घरी बसून तीन ग्रुप सांभाळतो: एक गावाचा, एक धानवाल्यांचा, एक नाटकवाल्यांचा. काम तेच आहे. तुमचे तीन प्रश्न मला तीन वाटत नाहीत, पण उत्तरं मात्र वेगवेगळी द्यावी लागतात.

आधी नाटकाचं घेऊ, कारण ते माझ्या घरचं.

बाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मुख्य ठिकाण. कंपन्यांची बुकिंग ऑफिसं तिथं आहेत. गावचं मंडळ कंपनीकडून प्रयोग ठरवतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं. दिवसा कुठं शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असतो, रात्री दहाच्या पुढं नाटक उघडतं आणि पहाटे कोंबडं आरवेपर्यंत चालतं. २०२३ साली परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी आमचं नाव पहिल्यांदा नीट ऐकलं. असो. मुद्दा असा की एकच नाटक आज या गावात, उद्या सात कोसांवरच्या गावात. सिनेमा सगळीकडं एकाच शुक्रवारी लागतो, आमचं नाटक गावोगाव फिरतं. म्हणून इथं शेवट फुटण्याचा धोका एका आठवड्याचा नाही, चार महिन्यांचा आहे.

आता मंडळाच्या पोट्ट्यांना एक सांगा. शेवट फुटला म्हणून तिकिटं कमी खपली, असं मी सव्वीस वर्षांत पाहिलेलं नाही. लोक गाण्यांना येतात, विनोदी नटाला येतात, जावई-लेकी गावी आलेल्या असतात म्हणून येतात. शेवट फुटल्यानं गर्दी कमी होत नाही, शांतता कमी होते. एका गावातली रात्र आठवते. आई आणि हरवलेला मुलगा समोरासमोर आले आहेत, आईनं त्याला ओळखलेलं नाही, ऑर्गनवाल्यानं सूर धरून ठेवला आहे, आणि माझी वही अशी आहे की इथं नटीला एकही शब्द द्यायचा नाही, नुसतं थांबायचं. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक पोरगा ओरडला, "आता तेच त्याले मारते!" अख्खा मंडप हसला. नटीनं पुढचं वाक्य घेतलं खरं, पण ते हशात बुडालं. तो पोरगा आदल्या गावात पाहून आला होता. त्यानं कुणाचं एक रुपयाचं नुकसान केलं नाही. तीन हजार माणसांचे पंधरा सेकंद मात्र खाल्ले.

काकांनी ग्रुपवर तेच केलं आहे. फरक एवढाच की मंडपातला पोरगा ऐकणाऱ्याला चुकवता येत नाही, आणि मेसेज चुकवता येऊ शकतो, जर लिहिणाऱ्यानं तशी सोय ठेवली तर.

काय झाकायचं याची माझी कसोटी सोपी आहे. नाटकाच्या आदल्या दिवशी गावात भोंगा लावलेली गाडी फिरते. तो भोंगा जे सांगतो ते सगळं उघडं: नाटकाचं नाव, नट कोण, विनोदी कोण, लावणी आहे का, मंडप कुठं, तिकीट किती. पहिल्या अंकात जी परिस्थिती मांडली जाते, म्हणजे सावकार आहे, दोन भाऊ आहेत, शेत गहाण आहे, तीही सांगायला हरकत नाही. भोंग्यावर जे कुणी ओरडणार नाही ते झाकायचं. ऐतिहासिक आणि पौराणिक नाटकाला हे लागू नाही. संभाजी महाराजांचं पुढं काय झालं हे झाकून ठेवणाऱ्याला लोक वेड्यात काढतील.

एक बारीक गोष्ट मात्र भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. "मी शेवट सांगत नाही, पण मध्यंतरानंतर असा धक्का आहे की बस!" असं लिहिणारा शेवटच सांगत असतो. आता वाचणारा मध्यंतरानंतर खुर्चीच्या टोकावर बसून धक्क्याचीच वाट पाहतो, आणि धक्का वाट पाहून लागत नाही. "अमक्या नटाची एन्ट्री तिसऱ्या अंकात" हेही तसंच. पहिल्या अंकात मेलेला माणूस तिसऱ्या अंकात येणार हे त्यात आलं. त्यापेक्षा "पाहून या, मग बोलू" हे बरं. कंटाळवाणं वाटेल, पण चालतं.

कधीपर्यंत झाकायचं? ते नाटक तुमच्या पंचक्रोशीत फिरतंय तोवर. आमच्याकडं होळी ही हद्द धरतात. होळीनंतर चावडीवर, ग्रुपवर, कुठंही उघड बोला. लंडनमध्ये एक रहस्यनाटक १९५२ पासून, मधला कोरोनाचा खंड सोडला तर, चालूच आहे, आणि दर प्रयोगानंतर प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. सत्तर वर्षं! एवढी अपेक्षा मी आमच्या गावाकडून करणार नाही. होळीपर्यंत पुरे.

आता कसं झाकायचं. टेलिग्राममध्ये मजकूर निवडून तो झाकायची सोय २०२१ च्या शेवटी आली, फोटो झाकायची त्यानंतर वर्षभरानं. झाकलेल्या शब्दांवर ठिपक्यांचं धुकं येतं, बोट लावलं की उघडतं, आणि वर येणाऱ्या सूचनेतही ते झाकलेलंच राहतं. सिग्नलमध्येही मजकुराला अशी सोय आहे. तुमचं गाव टेलिग्रामवर असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या. पण तुमचं गाव टेलिग्रामवर नाही, माझंही नाही.

व्हॉट्सॲपवर आमचा जुगाड जुना आहे: वर एक पाटी, मग खाली एकेका ओळीवर टिंबं, मग मजकूर. मेसेज लांब झाला की ॲप स्वतःच तो कापून "अधिक वाचा" दाखवतं, आणि त्या कापण्याखाली शेवट लपतो. यात खरं काम टिंबांचं नाही, पाटीचं आहे. लोक उलटं समजतात. पाटी अशी हवी की वाचणाऱ्याला उघडायचं की नाही ते ठरवता यावं. नुसतं "स्पॉयलर आहे, सावधान" लिहून काय कळणार? कशाचा? मी या नाटकाची वाट पाहतो आहे की त्या, मला कसं कळावं? "मंडईला शेजारच्या गावात झालेलं नाटक. यात शेवट सांगितला आहे. आपल्या गावात पाहणार असाल तर उघडू नका." एवढं लिहा. पाटी लांब ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. फोनच्या वरच्या पट्टीत आणि चॅटच्या यादीत मेसेजचा सुरुवातीचा भाग आपोआप दिसतो, आणि तिथं ओळी मोकळ्या राहत नाहीत, एकमेकींना चिकटून येतात. पाटी दोन शब्दांची आणि टिंबं चार असली, तर पाचवा शब्द "भावानं" आणि सहावा "मारलं" पट्टीतच दिसतो. मी अजूनही असा मेसेज आधी बायकोच्या फोनवर पाठवून पाहतो. तिला नाटकाचं काही पडलेलं नाही, त्यामुळं नुकसान होत नाही.

टिंबांचा त्रासही सांगतो. आमच्या ग्रुपमध्ये एक अंध गुरुजी आहेत, त्यांचा फोन मेसेज वाचून दाखवतो. एका हौशी माणसानं पन्नास ओळी टिंबं टाकली, तेव्हा गुरुजींचा फोन "टिंब, टिंब" करत बसला. ते म्हणाले, "बाबू, मले वाटलं पाणी गळून राह्यलं." तेव्हापासून आमच्याकडं टिंबं दहा-बाराच्या वर जात नाहीत, त्याऐवजी पाटीच मोठी आणि तिच्याखाली नाटकाची न झाकायची माहिती, म्हणजे गाणी कशी झाली, आवाजाची व्यवस्था कशी होती. ती चार-सहा ओळींची माहितीच पडद्याचं काम करते. काही जण पांढऱ्या अक्षरात लिहिण्याच्या युक्त्या सांगतात. ज्याच्या फोनचा पडदा काळा असतो त्याला ती अक्षरं दिव्यासारखी दिसतात. त्या नादी लागू नका.

सगळ्यात चांगला पडदा व्हॉइस मेसेजचा आहे, असं माझं मत झालं आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना लिहायचा कंटाळाच असतो. वर एक ओळ लिहायची, "याच्यात शेवट हाय", आणि खाली बोलायचं. पट्टीत काही दिसत नाही, नजर चुकून पडत नाही, गुरुजींनाही सोपं. फक्त तो मेसेज पानठेल्यावर मोठ्यानं लावू नये, हे सांगावं लागतं. सांगूनही लोक लावतात.

आणि एक: झाकलेल्याला उत्तर देताना आपणही झाकायचं. मी कितीदा पाहिलं आहे, एकानं व्यवस्थित पाटी लावून, टिंबं टाकून शेवट लिहिला, आणि खाली दुसऱ्यानं उघडउघड लिहिलं, "हो ना, मले त्या दिवाणजीवर आधीपासूनच डाऊट होता!" पहिल्याची सगळी मेहनत मातीत. बोलायचंच असेल तर पाहून झालेल्यांचा वेगळा ग्रुप करा. आम्ही त्याला "पाहून आलेले" एवढंच नाव दिलं आहे. तिथं काहीही झाकत नाही, आणि खरं सांगायचं तर हंगामात सगळ्यात मजेदार ग्रुप तोच असतो.

थोडं विषयांतर. हे झाकण्याचं शास्त्र आपण समजतो तसं नवं नाही. मोबाईल यायच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, संगणकांच्या जाळ्यावर विनोद पाठवणारे लोक चावट विनोद आणि कोड्यांची उत्तरं झाकायला रोट-तेरा नावाची युक्ती वापरायचे. इंग्रजीत अक्षरं सव्वीस. प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढं सरकवायचं. पुन्हा तेरा घरं सरकवलं की मूळ मजकूर परत. कुलूप नव्हतंच ते, कुणालाही उघडता यायचं. पण उघडायला हात लावावा लागायचा, आणि हात लावणारा मग तक्रार करू शकत नव्हता. आपण शाळेत "च"ची भाषा बोलायचो ना, मास्तरांना कळू नये म्हणून? मास्तरांना कळायचंच. तरी त्यांनी कान दिला तरच. तसंच हे.

आता रोज पानभर लिहिणारे. त्यांच्यावर चिडू नका. गावात चार लोक पानभर लिहू शकतात, त्यातला एक तुमच्या ग्रुपवर आहे. लांबी हा दोष नाहीच. दोष हा की कामाची ओळ तळाशी असते. आपल्याकडं पत्र लिहायची एक सवय आहे: सर्व बंधू-भगिनींना नमस्कार, कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, प्रतिवर्षाप्रमाणे यंदाही... आणि "अधिक वाचा" नेमकं तिथं कापतं. म्हणजे ॲपनं नमस्कार उघडा ठेवला आणि निरोप झाकला. नाटकाच्या मेसेजात जे कापणं आपल्या कामाचं होतं, तेच इथं घात करतं.

धानवाल्यांच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज सांगतो. वरच्या आठ ओळी बदलतं हवामान, शेतकऱ्यांचे कष्ट आणि शासनाची तळमळ यांवर. नवव्या ओळीत तुडतुडे या किडीचं नाव. बाराव्या ओळीत, उद्या सकाळी आठला ग्रामपंचायतीत कृषी सहायक येणार (पदाचं नाव आता बदललं म्हणतात, आमच्या तोंडी तेच आहे). साठातले सहा शेतकरी आले. पुढच्या वेळी मीच तो मेसेज बदलून टाकला: "धानावर तुडतुडे. उद्या सकाळी ८, ग्रामपंचायत. रोग लागलेला एक चूड उपटून पिशवीत आणा. बाकी माहिती खाली." मग खाली त्यांचा मूळ मजकूर, नमस्कारासकट. एक ओळ कापली नाही, नुसती जागा बदलली. त्यांनाही राग आला नाही, कारण त्यांचं लिहिणं जिथल्या तिथं होतं. माणसं किती आली ते मोजलं नाही, पण खुर्च्या कमी पडल्या हे आठवतं, आणि चुडांनी ग्रामपंचायतीची फरशी चिखलानं भरली म्हणून शिपाई ओरडला हेही.

दीड पडद्याहून मोठं असेल तर पीडीएफ करा. पण फाइलचं नाव मराठीत आणि कामाचं ठेवा. नुसते आकडे असलेली फाइल कुणी उघडत नाही. पीडीएफचं पहिलं पान ग्रुपवर चित्रासारखं दिसतं, तेव्हा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात विषय. तिथं पुढाऱ्यांचे फोटो असले की लोक वाढदिवसाचं बॅनर समजून पुढं जातात.

आता जिथं झाकायचं नाहीच अशा गोष्टी. इथं मी जरा कडक आहे.

मार्च-एप्रिलात मोहफुलं पडतात. बाया पहाटे अंधारात टोपली घेऊन जंगलाकडं जातात, वाकून वेचतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. आमच्या भागात हे दर वर्षीचं भय आहे. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या वेळीही तेच. एका पहाटे आमच्या ग्रुपवर मेसेज आला. सुरुवात "वन्यजीव ही निसर्गाची देणगी असून" अशी. वाघ कुठं दिसला ती जागा "अधिक वाचा"च्या खाली, बऱ्याच खाली होती. लिहिणारा मनापासून लिहीत होता, त्याला वाटलं आधी वाघाविषयी लोकांच्या मनात राग येऊ नये. दोघी जणी त्याच नाल्याकडं गेल्या होत्या. एकीच्या नवऱ्यानं मेसेज पूर्ण उघडला आणि तो ओरडत धावला. दोघी सुखरूप आल्या. त्या दिवसापासून आमच्या ग्रुपच्या माहितीत पहिली ओळ लिहिलेली आहे: वाघ, अस्वल, हत्ती, जागा पहिल्या ओळीत, वेळ दुसऱ्या ओळीत, निसर्ग नंतर.

फवारणीचंही असंच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आमचा भाग धानाचा, पण औषध तेच, पंप तेच, उन्हात उपाशीपोटी फवारायची सवय तीच. औषधाच्या मेसेजात तोंड बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, कामाआधी खाऊन घ्या, हे कधी खालच्या घडीत जाऊ देऊ नका. डब्यावरच्या चौकोनात लाल रंग असेल तर सगळ्यात जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा. त्या डब्याचा फोटो टाकताना झाकायचा नाही, उलट मोठा करून टाकायचा. आणि कुणाला गरगरलं तर दवाखान्यात डबा सोबत न्या, हे पहिल्या तीन ओळींत.

उरले अपघाताचे फोटो. इथं लोक मला विचारतात, झाकून टाकले तर चालतील का? व्हॉट्सॲपवर "एकदाच पहा" अशी सोय २०२१ पासून आहे. फोटो बोट लावल्याशिवाय दिसत नाही, गॅलरीत उतरत नाही, पुढं पाठवता येत नाही. चांगली सोय आहे. शेतातल्या सापाचा फोटो सर्पमित्राला दाखवायचा आहे, किंवा जखमेचा फोटो डॉक्टरला पाठवायचा आहे, तर वापरा, आणि तोही त्या एका माणसाला. पण मेलेल्या माणसाचा फोटो ग्रुपवर झाकूनही टाकायचा नाही. पडदा म्हणजे परवाना नव्हे. आमच्या ग्रुपवर एकदा रस्त्यावरचा फोटो पडला. चेहरा दिसत नव्हता. शर्ट दिसत होता. त्या माणसाची लेक नागपूरला शिकायला होती आणि ती ग्रुपमध्ये होती, हे फोटो टाकणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. घरून फोन जायच्या आधी तिनं शर्ट ओळखला. झाकलेला असता तर तिनं उघडला नसता का? गावातला अपघात म्हटल्यावर कोण उघडणार नाही?

आत्महत्येचंही मी एवढंच सांगतो: फोटो नाही, चिठ्ठी नाही, कसं केलं ते नाही. मयत, म्हणजे अंत्यविधी, कधी आणि कुठं, एवढं पुरे.

आणि एक गोष्ट कायद्याची आहे, ती ॲडमिन म्हणून तुम्हाला पाठ हवी. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची किंवा मुलीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानात कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लागू आहे. अल्पवयीन असेल तर पॉक्सोचं कलम २३. लोकांना वाटतं नाव लिहिलं नाही म्हणजे झालं. शहरात कदाचित होत असेल. गावात "खालच्या टोलीतली नववीतली पोरगी" म्हटलं की शंभर घरांना घर कळतं. नाव झाकून टोली, म्हणजे वस्ती, उघडी ठेवणं म्हणजे दाराला कुलूप लावून भिंत पाडणं. असा मेसेज दिसला की चर्चा नाही, लगेच काढायचा.

काढण्याचं तंत्र: ग्रुपवर कुणाचाही मेसेज ॲडमिनला सगळ्यांसाठी काढता येतो, आणि ॲडमिननं काढला हे तिथं दिसतं. लिहिणाऱ्याला स्वतःला साधारण अडीच दिवसांपर्यंत काढता येतो. दुरुस्ती करायची असेल तर पंधरा मिनिटं. नाटकाच्या शेवटासाठी लिहिणाऱ्यालाच काढायला सांगा, त्यात त्याचा मान राहतो. फोटो आणि टोलीच्या बाबतीत मान पाहत बसू नका.

एक पथ्य मात्र पाळा. झाकण्याचा उगाच वापर होऊ देऊ नका. आमच्याकडं एक जण रोज सकाळी "कमजोर दिलवाल्यांनी उघडू नका" लिहून खाली गुलाबाचं फूल टाकायचा. महिनाभर लोक हसले. मग "उघडू नका" लिहिलेलं सगळेच न बघता उघडू लागले, आणि मग एके दिवशी खरंच तसं काही होतं.

राहिले काका. त्यांना ग्रुपवर काही बोलू नका. चारशे माणसांदेखत पुतण्यानं सांगितलं की मोठा माणूस ऐकत नाही, चिडून दुसऱ्या अंकाचाही शेवट सांगतो. मंडळाच्या पोट्ट्यांनाही पाठवू नका. संध्याकाळी तुम्हीच घरी जा. काकांनी शेवट का लिहिला असेल, याचा विचार करून जा. ते रात्रभर थंडीत बसून आले, सकाळी घरातलं कुणी ऐकायला नव्हतं, सून स्वयंपाकात, पोरं शाळेत. पोटात मावत नव्हतं म्हणून त्यांनी ते ग्रुपवर ओतलं. त्यांना नाटक आवडलं, एवढाच त्यांचा गुन्हा आहे.

आमच्याकडं असेच एक मामाजी होते. मी त्यांच्याकडं गेलो आणि अख्खं नाटक त्यांच्या तोंडून ऐकलं, दोन तास, गाण्यांसकट. वही मीच धरली होती त्या नाटकाची, शब्द न् शब्द पाठ होता, तरी ऐकलं. उठताना म्हटलं, "मामाजी, हे तुम्ही लिहिता त्याच्यापेक्षा सांगता तेव्हा जास्त रंगते." बाकी काही बोललो नाही. पुढच्या नाटकानंतर सकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. चुलीतल्या धुरानं डोळे पुसत मी वाचला: "काल रातचं नाटक पाहून आलो. शेवट मले माहीत हाय. ज्याले आयकाचा असन त्यानं घरी या. चहा ठेवतो."